कूलरचं तोंड माणसाकडं

आमच्या घरात उन्हाळ्याचा एकच कायदा होता आणि तो बाबांनी केलेला होता. कूलरचं तोंड माणसाकडं. मार्च संपत आला की बाबा माळ्यावरून कूलर उतरवायचे, त्याच्या तिन्ही जाळ्यांत नवं गवत भरायचे, पुढच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर त्याला चढवायचे आणि मग खोलीत कोण कुठे बसेल ते जाहीर करायचे. खाट कूलरच्या समोर, खाटेवर आई. खाटेच्या पायथ्याशी माझं टेबल. आणि स्वतः बाबा पार मागच्या कोपऱ्यात, बंद खिडकीला लागून असलेल्या खुर्चीत. तिथपर्यंत वारा पोचायचा नाही. ती खिडकी उन्हाळाभर उघडायची नाही अशी ताकीद होती. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून बाबांनी तिच्या फटींवर वर्तमानपत्राचे कागद खळीने चिकटवले होते.

"मले वारा बाधते," असं म्हणून ते त्या कोपऱ्यात पंच्याने मान पुसत बसायचे. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. कोणाला वांगं बाधतं, बाबांना वारा बाधायचा.

बाबा दर्यापूरच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही अमरावतीला राहायला आलो, कूलर आणि कायदा घेऊनच. निवृत्त झाले ते फक्त कार्यालयातून. भाजीत मीठ कमी पडलं तर ते अजूनही "अळणी झाली" असं म्हणत नाहीत, "मायी हरकत हाय" म्हणतात. आईही मग तितक्याच गंभीरपणे "हरकत फेटाळली" म्हणून मिठाचा डबा त्यांच्यासमोर आपटते.

मी घरीच बसून नकाशे आणि फिल्मा करते. म्हणजे जी इमारत अजून उभीच राहिलेली नाही तिच्यातून आपण चालत चाललोय, असं कॉम्प्युटरवर दाखवायचं. बिल्डर लोक ते गिऱ्हाइकाला दाखवतात आणि गिऱ्हाईक नसलेल्या बाल्कनीत उभं राहून नसलेला सूर्यास्त बघतं. या कामाला दणकट मशीन लागतं. माझं मशीन मी एका मैत्रिणीच्या भावाकडून घेतलं. तो त्याच्यावर रात्रंदिवस लढाया खेळायचा. त्याला नोकरी लागली आणि लढाया सुटल्या. त्याने त्या मशीनचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून ठेवला होता, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला लावला होता. काम भराभर होतं, पण प्रोसेसर तापतोही तसाच. हे मी बाबांना समजावून सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोनाच्या परवानगीनं?"

त्या वर्षी हे मशीन आमच्या घरात एकदम महत्त्वाचं झालं, त्याला कारण आमच्या कॉलनीतलं विहार. विहारावर पहिला मजला चढवायचा होता. बाबांचं म्हणणं, तिथे अभ्यासिका करा. कॉलनीतली पोरं परीक्षांचा अभ्यास करायला पार गावाच्या दुसऱ्या टोकाला पैसे भरून जातात. पोरींना तेवढ्या लांब पाठवत नाहीत, म्हणून त्या घरी बसून भांडी घासता घासता पाठांतर करतात. समितीतल्या दुसऱ्या एका ज्येष्ठांचं, बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजर काकांचं म्हणणं, तिथे लग्नाचा हॉल करा, चार पैसे येतील, विहाराचाच खर्च निघेल. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. बाबा म्हणायचे, "लग्न एका दिवसाचं, परीक्षा दरसालची." मॅनेजर काका म्हणायचे, "लग्नं बी दरसालचीच असते, साहेब." असं ते दोघं प्रत्येक सभेत बोलायचे आणि विषय पुढच्या सभेवर जायचा.

आता मात्र बुद्ध पौर्णिमेला ठराव होऊन लगेच काम सुरू व्हायचं होतं. पहिल्या मजल्याच्या वर आणखी मजला पायाला झेपणारा नव्हता. हॉल झाला असता तर बाबांची अभ्यासिका कायमची गेली असती. मॅनेजर काकांनी एका हॉलचे रंगीत फोटो आणून सगळ्यांना दाखवले होते. बाबांकडे सुवाच्य अक्षरातलं लांबलचक निवेदन होतं, आणि ते कोणी वाचत नव्हतं. बाबा घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "फोटूपुढे अक्षर टिकत नाही बाई." मी म्हटलं, बाबा, मी फिल्म करते. तुमच्या अभ्यासिकेतून सगळ्यांना चालवून आणते. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला त्या क्षणी कोणतीही इमारत उभी करता आली असती.

फिल्म तयार झाली, म्हणजे माझ्याकडून झाली. आता मशीनने एकेक चित्र बनवून ती पूर्ण करायची होती. काम लावलं, पंखे घोंघावले, आणि थोड्याच वेळात पडदा काळा. पुन्हा चालू केलं, पुन्हा काळा. प्रोसेसर इतका तापत होता की जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होता. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला. मशीनमधला जुना कूलर, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा पत्र्यांचा जुडगा आणि त्यावरचा इवलासा पंखा, जेमतेम माझ्या मुठीएवढा होता. वेग कमी करून नेमून दिलेल्या चालीने चालवलं असतं तर फिल्म पौर्णिमा उलटून गेल्यावर पुरी झाली असती.

आईने मशीनला हात लावून पाहिला. "याले ऊन लागलं," ती म्हणाली आणि आतून एक कांदा आणून त्याच्यावर ठेवला. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात.

बाबा खवळले. "तू विहारात अंधश्रद्धेवर भाषन देतं अन् घरी मशीनले कांदा?"

"कांदा हाय, गंडा नाही," आई म्हणाली. कांदा संध्याकाळपर्यंत तिथेच होता, मग तो पिठल्यात गेला.

नवा मोठा कूलर घेणं भाग होतं. मी शोधायला लागले तेव्हा कळलं की यातही दोन जाती आहेत. एक हवेवर चालणारा, दुसरा पाण्यावर, नळ्यांतून पाणी फिरवणारा. पाण्यावरच्या जातीचं नाव काढताच बाबांनी हात वर केला. खिडकीतला मोठा कूलर दर उन्हाळ्यात आम्हा प्रत्येकाला एकदा तरी शॉक देतो. त्याला हात लावण्याआधी चप्पल घालायची असते, हे आमच्या घरात रांगत्या मुलालाही सांगितलं जातं. "पानी अन् करंट एका पेटीत? हरकत हाय," बाबा म्हणाले. या वेळी आईनेही हरकत फेटाळली नाही.

राहिले हवेवरचे. ते निवडायला मी दिवसचे दिवस मोबाइलवर परीक्षणं पाहिली. प्रत्येक परीक्षणात एक गोरा माणूस अंगात स्वेटर घालून, कॉफी पीत, कोणता कूलर किती थंड ठेवतो ते सांगायचा. शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, खोलीचं तापमान एकवीस. एकवीस! आमच्या खोलीत एवढा गारवा जानेवारीतल्या दोन-चार पहाटेच असतो आणि तेव्हा आई स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून "मेली मी थंडीनं" म्हणत असते. आणि हवेवरच्या कूलरची गंमत अशी की तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच चाळीस असली तर सगळा हिशेब चाळीसच्या वरच सुरू होतो.

"मंग चिखलदऱ्याले घेऊन जाय त्या मशीनले," बाबा म्हणाले. "टुरिस्टच्या जीपीत बसवून दे. थंड हवा खाऊन येईन."

"आपन बी जाऊ का?" आईने लगेच विचारलं. तिने बॅग काढायच्या आत मी विषय बदलला.

अमरावतीच्या दुकानांत मला हवा तसा मोठा कूलर नव्हता. "मागवून देतो," एवढंच सगळे म्हणत होते, आणि मागवलेली वस्तू कधी येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. शिवाय न पाहता वस्तू घेणं बाबांना मंजूर नव्हतं. अकोल्याच्या एका दुकानात आहेत असं फोनवर कळलं तेव्हा बाबा खूश झाले. "घ्याचाच असन त अकोल्याचाच घे. जिथं ऊन जास्त तिथलं सामान पक्कं." माल अकोल्यात बनलेला नाही, तो समुद्रापलीकडून आलाय, हे मी सांगून पाहिलं. "पन अकोल्याच्या दुकानात राहून राहून तयार झाला असन ना," बाबा म्हणाले.

कूलर किती उंच चालेल ते पाहायला मशीनची पेटी उघडली तर घरात पट्टी सापडेना. मग मी सुतळी आत सोडली, पेटीच्या झाकणाला टेकते तिथे गाठ मारली आणि सुतळी पर्समध्ये ठेवली. आईने शेजारी कांदा ठेवला. अशी सगळी वैज्ञानिक तयारी करून, तोंडाला ओढणी गुंडाळून मी सकाळच्या बसने अकोल्याला गेले.

दुकानदार माझ्याच वयाचा होता. मी ओढणी सोडून "काय ऊन आहे तुमच्याकडे" एवढंच म्हटलं, तर तो सुखावला. "हे काय ऊन हाय ताई? हे त आमच्याकडे सावली म्हन्ते. तुमच्या अमरावतीले कुठं ऊन पडते?" मला माझ्या गावाचा अपमान वाटला. आमच्याकडेही कावळे पडतात झाडावरून, असं मी ठणकावलं. थोडा वेळ आमचं तेच चाललं, कोणाचं गाव जास्त भाजतं. मग त्याने कूलर काढले.

पहिला काढला तो रंगीत दिव्यांचा. लावला की लाल, निळा, हिरवा. "हा घेऊन जा. सारे हाच नेते."

"दिव्यानं काय थंड होते?"

"दिल थंड होते, ताई."

मी त्याला बाजूला ठेवायला लावलं. दुसरा बरा होता, पण पत्रे विरळ होते. तिसरा पाहिला आणि हाच तो असं वाटलं. पत्र्यांचे दोन मनोरे, त्यांच्यातून गेलेल्या तांब्याच्या जाड नळ्या, आणि दोन मोठे पंखे. मी पर्समधून सुतळी काढली आणि त्याच्या अंगाला लावून पाहिली. गाठीच्या आत बसला, पण बोटभर सुद्धा जागा उरली नाही. दुकानदार तोंडात बोट घालून बघत होता. तेवढ्यात बाबांचा फोन.

"वजन किती हाय?"

"बाबा, वजनाचं काय करायचं?"

"विचार त खरी."

सव्वा किलोच्या आसपास, दुकानदाराने हातात तोलून सांगितलं. "मंग घे," बाबा म्हणाले. त्या सगळ्या स्वेटरवाल्यांनी आलेख काढून जे सिद्ध केलं होतं ते बाबांनी वजनावर मंजूर केलं.

दुसऱ्या दिवशी खाटेवर चादर अंथरून मी मशीन उघडलं. आई आणि बाबा दोन बाजूंना बसले. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवणारा राखाडी लेप मी वाटाण्याएवढा लावला. "एवढुसाच? कंजूस," आई म्हणाली. मग मनोरे बसवले, स्क्रू आवळले. आता पंखे. ते कसेही अडकवता येत होते. वारा पुढून मागे किंवा मागून पुढे. सोबतच्या कागदावर बाण काढून दिशा दाखवली होती म्हणे. म्हणे, कारण मी तो कागद पाहिलाच नाही. गरजच काय होती? कूलरचं तोंड माणसाकडं, हे मी चालायला शिकायच्या आधी शिकले होते. माणूस म्हणजे मी, मी बसते पेटीच्या समोर, तेव्हा वारा समोर यायला हवा. दोन्ही पंखे माझ्याकडे तोंड करून बसवले. पेटीच्या मागच्या बाजूला आणखी एक पंखा आधीपासून होता, तो भिंतीकडे वारा फेकत होता. भिंतीला वारा काय करायचाय? आधी मशीन वापरणाऱ्या त्या पोराला एवढंही कळलं नाही, असं म्हणत मी तोही काढून उलटा फिरवला.

बाबांनी वाकून तपासलं. "बराबर," ते म्हणाले. मी झाकण लावलं.

चहा उकळायच्या आत पडदा काळा झाला. जुन्या मुठीएवढ्या कूलरने यापेक्षा जास्त तग धरला होता. मी पेटीच्या समोर हात धरून पाहिला, वाऱ्याची झुळूकही नव्हती. समोरची जाळी बारीक असेल, असं मी ठरवून टाकलं. माणसाला एकदा आपलं बरोबर आहे असं वाटलं की जाळीसुद्धा दोषी दिसते. मग मी दुकानदाराला फोन लावला आणि त्याला, त्याच्या मालाला आणि त्याच्या गावाला जे बोलायचं ते बोलून घेतलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "ताई, माल चांगला हाय," तो म्हणाला. "तुमच्या अमरावतीची हवाच खराब असन."

मी फोन आपटला. कूलर परत नेऊन त्याच्या टेबलावर ठेवायचा आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं भांडायचं, असं ठरवलं. पण पौर्णिमा तोंडावर आली होती आणि दुसरा कूलर आणायला वेळ नव्हता. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून जुनं निवेदन काढलं, कोरे कागद घेतले आणि त्या बंद खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून ते पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवायला लागले. फिल्म होणार नाही हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

माझ्या टेबलाच्या वर भिंतीवर आमच्या वंदनेच्या दोन तसबिरी आहेत. आई रोज सकाळी तिथे मेणबत्ती आणि उदबत्ती लावते. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याने उदबत्तीची राख माझ्या कागदांवर उडते आणि त्यावरून आमचं रोज वाजतं. त्या सकाळी मी मशीन पुन्हा एकदा चालू करून नुसती बघत बसले होते. आईने वाद नको म्हणून उदबत्तीचं घर उचललं आणि पेटीच्या मागे, पेटी आणि भिंतीच्या मधल्या आडोशाला ठेवलं.

"हे पाह्य वो," ती म्हणाली, "धूर तुया पेटीत घुसून राहिला."

खरंच घुसत होता. मागच्या जाळीतून सरळ रेघेत आत. मशीनला धूर चांगला नाही म्हणून मी घाईने उदबत्ती उचलली आणि पेटीच्या समोर आणली. तर तो समोरच्या जाळीतूनही आत जायला लागला. समोर, जाळीच्या मागे, मशीनसोबतच आलेले दोन पंखे होते. ते मी कधी पाहिलेच नव्हते आणि ते इमानदारीने बाहेरची हवा आत ओढत होते. मी उदबत्ती मागे नेली, धूर आत. पुढे आणली, धूर आत.

बाबांनी लिहिता लिहिता मान वर केली. पेन खिशाला लावून ते उठले, माझ्या हातातून उदबत्ती घेतली आणि स्वतः दोन्हीकडे फिरवून पाहिली.

"इकून बी आत, तिकून बी आत," ते म्हणाले. "मंग बाहेर कोठून?"

मी पेटीचं झाकण काढलं.

"आवक हाय, जावक नाही." बाबांचा आवाज कार्यालयातला झाला होता. "टपाल साचलं आत सारं."

प्रोसेसरच्या डोक्यावर दोन वारे समोरासमोर येऊन भांडत होते आणि तापलेल्या हवेला जायला वाट नव्हती. मी तो कागद कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढला. बाण पुढून मागे होते. त्या पोराचा पंखा भिंतीकडे वारा फेकत होता तो गाढव म्हणून नव्हे, तर उष्णता तिकडून बाहेर जावी म्हणून. या कूलरचं तोंड माणसाकडं नव्हतं. असायलाही नको होतं. जगातल्या इतर कोणत्याही गावात कोणी असे पंखे बसवले नसते. तिथल्या लोकांना घरी असा कायदा शिकवलेला नसतो.

"मी त्या दिवशी बराबर म्हटलं होतं," बाबा म्हणाले, "तो शेरा रद्द."

पंखे फिरवले, झाकण लावलं, काम लावलं. पेटीच्या मागे हात धरला तर तव्यावरून यावी तशी गरम वाफ भिंतीवर आदळत होती. प्रोसेसर त्याला झेपेल अशा ऐंशी अंशांच्या आसपास जाऊन तिथेच रेंगाळला. चहा झाला, स्वयंपाक झाला, जेवणं झाली, पडदा चालूच. बाबा खुर्ची सोडून मशीनसमोर स्टुलावर येऊन बसले आणि एकेक चित्र पुरं होताना बघत राहिले. अकोल्याच्या दुकानदाराला मी फोन केला नाही. त्याचा स्वतःचाच आला. "हवा सुधारली का, ताई?" त्याने विचारलं. सुधारली म्हटलं.

फिल्म पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुरी झाली.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली, आणि मग सभेला सगळे खालच्या हॉलमध्ये बसले. अंधार हवा म्हणून खिडक्यांवर जाड सतरंज्या टांगल्या होत्या. दाराच्या दोन बाजूंना दोन मोठे लोखंडी कूलर धडधडत होते. मी पांढऱ्या चादरीवर फिल्म लावली. जिना चढून सगळे अभ्यासिकेत गेले. रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलावर दिवा, एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. वाचत बसलेली माणसं मात्र विलायती होती, कारण तयार मिळतात ती तशीच मिळतात. त्यातले दोघं तर लांब कोट घालून बसले होते. "हे कोन पाहुने?" मागून कोणीतरी विचारलं आणि सगळा हॉल हसला. एक तेवढी वेणीवाली मुलगी मी शोधून शोधून टाकली होती, लाल ओढणीची. ती खिडकीशी बसून लिहीत होती.

एक बाई उभ्या राहिल्या. "ते लाल ओढनीवाली कोनाची पोरगी हाय?"

"कोनाचीच नाही मावशी," मी म्हटलं. "कॉम्प्युटरची हाय."

"मंग तिले उठव," त्या म्हणाल्या, "अन् आमची बसव."

बायका जोरात हसल्या, पण मग सगळ्या त्या मुलीकडेच बघत राहिल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मॅनेजर काका उठले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "फिल्म बढिया झाली," ते म्हणाले. "पन मी एकच विचारतो. इथं खाली, दोन-दोन कूलर चालू असून आपली ही हालत हाय. वर पोरं दिवसभर बसतीन कशी? भाजून निघतीन. लग्नातले लोक त दोन घंट्यात जेवून निघून जाते."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळेच पदराने आणि पत्रिकांनी वारा घेत होते. मुद्दा बिनतोड होता. मी बाबांकडे पाहिलं. ते हातातलं निवेदन उघडतील असं मला वाटलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि दाराच्या अगदी विरुद्ध टोकाच्या भिंतीकडे चालत गेले. तिथल्या खिडकीवरची सतरंजी त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि तावदानं ढकलून उघडली. मग शेजारची खिडकी.

उजेडाने चादरीवरची अभ्यासिका फिकी पडली. पण हॉलमधून वारा धावला. दारातल्या कूलरचा ओला, गवताच्या वासाचा वारा सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि त्या खिडक्यांतून बाहेर पडला. "हां," असं सगळे एकदम म्हणाले.

"आवक होती, जावक नव्हती," बाबा म्हणाले. "कूलरची चूक नाही." मग चादरीकडे बोट दाखवून म्हणाले, "या नकाशात बी चूक हाय. माया पोरीची. हे पुस्तकाची भिंत पाहा, इकडे एकही खिडकी नाही. मायी हरकत हाय. इथं दोन खिडक्या लिहा अन् मंग ठराव घ्या."

इतकी वर्षं ज्या अभ्यासिकेसाठी भांडले तिच्यावर भर सभेत स्वतःच हरकत घेणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. मॅनेजर काका थोडा वेळ त्या उघड्या खिडकीसमोर उभे राहिले, पाठीचा सदरा वाळेपर्यंत. "दोन नाही," ते म्हणाले, "तीन लिहा." अनुमोदनही त्यांनीच दिलं.

घरी आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आईने कूलरला पाणी भरलं. मी खाटेवर पडले, अंगात त्राण नव्हतं, पण आनंदाने झोपही येईना. बाबांनी कपडे बदलले, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि त्यांच्या खुर्चीमागच्या खिडकीच्या फटींवरून फिरवली. वर्षानुवर्षं चिकटवलेले कागद एकावर एक होते, ते कराकरा फाटत निघाले. खिडकी उघडली. मग ते नेहमीसारखे खुर्चीत बसले.

कूलरचा वारा खाटेवरून, माझ्या टेबलावरून मागच्या कोपऱ्यात गेला आणि त्यांच्या अंगावरून खिडकीबाहेर. बाबांनी डोळे मिटले. हातातला पंचा खाली पडला तरी त्यांना कळलं नाही. तोंड थोडं उघडं राहिलं आणि ते घोरायला लागले. त्या खुर्चीत दुपारी झोपलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी उठले. "आई," मी हळू आवाजात म्हटलं, "बाबाले त वारा बाधते. खिडकी लावून घेऊ का?"

आई खाली बसून फाटलेले कागद गोळा करत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "कधीच नाही बाधला त्याईले. कूलर एकच होता अन् तुयी परीक्षा होती."

मी पायात चप्पल घातली, कूलरपाशी गेले आणि त्याच्या जाळीच्या पट्ट्या मागच्या खुर्चीकडे वळवल्या.